मे महिन्यातलं खारं पाणी : ड्रम, आरओ आणि मिठाची नोंद

घरातली समुद्री मत्स्यालयाची टाकी 200 लिटरची. मासे, कोळंबी आणि गोगलगायी. आठवड्याला 20 लिटर पाणी बदलायचं, म्हणून ड्रममध्ये एका वेळी 40 लिटर खारं पाणी तयार करायचं आणि उरलेलं अडीअडचणीला झाकून ठेवायचं. बाकी ऋतूंत हे काम सरळ आहे. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास गेला की मात्र त्याच मिठाचं, त्याच मापाचं पाणी बिघडू लागतं. या वेळची नोंद त्यावरच आहे.

आधी ड्रम. भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण आपल्या शेतीच्या पट्ट्यात त्यातले बरेच फवारणीच्या औषधाचे किंवा कारखान्यातल्या रसायनाचे असू शकतात. प्लास्टिकमध्ये मुरलेलं धुऊन जात नाही. खाद्यपदार्थांसाठीचा नवाच घ्या. तोटी आणि बॉलकॉक प्लास्टिकचे हवेत. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात सुटतं, आणि कोळंबीला तांब्याचा अंशसुद्धा मारक ठरतो.

आता पाणी. जळगावात वाघूर धरणाचं येवो की धुळ्यात तापीचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच. ते कार्बन फिल्टरनं आधी काढायचं, नाहीतर आरओचा मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) खराब होतो. बोअरचं पाणी त्याहून अवघड. काळ्या खडकातून येताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियमबरोबर सिलिकाही घेऊन येतं, आणि केळी-कपाशीच्या शिवारातल्या बोअरला खतांचा नायट्रेट उतरलेला असू शकतो. नायट्रेट आरओला पूर्ण अडत नाही, म्हणून पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लावावंच लागतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी थेट वापरायचं असेल तर त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर पूर्ण बंद करा आणि मिनरलचं कार्ट्रिज काढून टाका. त्यानं काढलेले क्षार तोच परत मिसळत असतो.

आरओ दुपारी चालवू नका. पाणी गरम असलं की मेम्ब्रेनमधून धार जोरात येते आणि बघणाऱ्याला बरं वाटतं, पण त्याच वेळी क्षारही जास्त निसटतात. शिवाय गच्चीवरच्या टाकीतलं मे मधलं पाणी मेम्ब्रेनच्या 45 अंशांच्या मर्यादेपर्यंत जाऊ शकतं. पहाटे चारनंतर तेच पाणी बरंच निवलेलं असतं. यंत्र सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं येणारं पाणी डीआयकडे न जाऊ देता बाहेर काढा. बंद असताना मेम्ब्रेनपलीकडे झिरपलेले क्षार त्यात असतात आणि रेझिन विनाकारण संपतं.

टीडीएस दोन ठिकाणी मोजा. आत 800 आणि मेम्ब्रेननंतर 24 म्हणजे 97 टक्के अडवलं, उत्तम. तेच 60 झालं तर मेम्ब्रेन बदलायची वेळ आली. डीआयनंतर शून्यच हवं, आणि शून्याचं एक झालं की रेझिन बदला. इथे चालढकल नको. रेझिन संपत आलं की सर्वांत आधी सिलिका सुटते आणि ती टीडीएस मीटरला जवळपास दिसत नाही. वाळूवर तपकिरी थर पुन्हा पुन्हा येत असेल तर मिठाला दोष देण्याआधी रेझिन तपासा. आरओचं टाकाऊ पाणी फरशीला, संडासाला वापरा. कुंड्यांना नको, आणि कूलरलाही नको. गवताच्या पॅडवर क्षारांचे थर बसतात.

मिठाचं माप: मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या बहुतेक सागरी मिठांना लिटरला 36 ते 38 ग्रॅम लागतं, म्हणजे 40 लिटरला साधारण 1480. पहिल्यांदा 1350 ग्रॅमच टाकायचं, बाकी मोजून. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण त्यात जवळजवळ फक्त सोडियम क्लोराइड असतं. वजन करण्याआधी पिशवी चांगली लोळवून घ्या. वाहतुकीत जड-हलके कण वेगळे होतात. उघडी पिशवी जुलै-ऑगस्टमध्ये ओल खेचते. गोळा झालेल्या मिठाच्या वजनात पाणीही मोजलं जातं, त्यामुळे क्षारता कमी भरते.

ड्रममधलं पाणी 25 अंशांच्या जवळ आलं की पंप लावा. ताशी 1500 लिटरचा पुरतो. तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवा. मग एक एक मूठ मीठ, दहा-पंधरा मिनिटांत. मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी कधीच ओतायचं नाही. थोड्या पाण्यात सगळं मीठ एकवटलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणून खाली बसतात. पाणी गरम असेल तर हे आणखी लवकर घडतं. सुरुवातीचा दुधट रंग तासा-दोन तासांत जातो. तो गेलाच नाही, किंवा ड्रमच्या कडेला पांढरी खरखरीत साय धरली, तर अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) मोजा. डब्यावरच्या आकड्यापेक्षा एक-दोन डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) कमी निघेल. बोअरच्या पाण्यात हीटरच्या रॉडवर बसतो तोच हा थर. वरून मीठ टाकून ते भरून निघत नाही, नुसती क्षारता वाढते.

ड्रम थंड करायला ओलं गोणपाट गुंडाळून समोर पंखा लावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हा उपाय फार छान चालतो. पावसाळ्यात दमट हवा असली की फारसा उपयोग नाही.

मोजणीतला मोठा घोळ रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे क्षारता मोजायच्या साधनाचा. त्याची तापमान-दुरुस्ती साधारण 10 ते 30 अंशांपुरती असते आणि मे मधली खोली 38 ची. उपाय: 35 पीपीटीचं (हजार भागांत 35 भाग क्षार, आपल्यालाही हीच क्षारता हवी) मीटर तपासायचं कॅलिब्रेशन द्रावण, मीटर आणि नमुना तिन्ही एकाच जागी अर्धा तास ठेवा आणि एकाच बैठकीत मोजा. शुद्ध पाण्यानं शून्य जुळवून भागत नाही. मीटर 35 ला बरोबर दाखवतो का, हे बघायचं असतं. द्रावण नसेल तर 36.5 ग्रॅम कोरडं शुद्ध मीठ 963.5 ग्रॅम डीआय पाण्यात विरघळवा, रिफ्रॅक्टोमीटरवर ते 35 दाखवायला हवं. इथे मात्र साधं सोडियम क्लोराइडच लागतं.

40 लिटरला 33 आलं तर सुमारे 85 ग्रॅम मीठ वाढवा. 37 आलं तर सव्वादोन लिटर डीआय पाणी. पाणी बदलताना ड्रम आणि टाकीत तापमानाचा फरक एका अंशाच्या आत हवा आणि अल्कलिनिटी शक्य तितकी सारखी. किती वेळ ढवळायचं ते मिठाच्या डब्यावर बघा: काहींना 24 तास चालतं, जास्त अल्कलिनिटीची काही मिठं तयार होताच वापरायची असतात.

टाकीवर पंखा असेल तर पाणी झपाट्यानं उडतं. 200 लिटरमधलं 4 लिटर उडालं की 35 चं 35.7 होतं. ते रोज गोड्या डीआय पाण्यानंच भरायचं, कारण मीठ उडालेलं नसतं.

दर दोन-तीन खेपांनंतर ड्रममध्ये लिंबूसत्त घातलेलं पाणी तासभर पंपासकट फिरवा, थर सुटतो. मग साध्या पाण्यानं दोनदा धुवा आणि शेवटचं विसळणं डीआय पाण्यानं करा.