देवलापार पायवाट, तिसरी खेप: पाच सेकंदांचा घोळ

नागपूर जिल्ह्यातील देवलापारच्या जंगलात, जुन्या नकाशावर दिसणाऱ्या पायवाटेचा जो फाटा शोधताना आम्ही दोन वेळा हात हलवत परतलो होतो, तो फाटा गेल्या रविवारी सापडला. पायवाट अजून चालून झालेली नाही. परंतु ती जिथून सुरू होते तो मुनारा (वनहद्दीचा दगड), त्यावरचा निम्मा पुसलेला कक्ष क्रमांक (जंगलाच्या भागाचा क्रमांक) आणि त्याच्या मागून सागाच्या रोपवनात शिरणारी वाट, हे सर्व डोळ्यांनी पाहिले.

आधीच्या दोन्ही खेपांचे तपशील पुन्हा सांगत नाही. पहिल्या खेपेचे खापर मी छपाईवर फोडले होते, आणि ते अगदीच चूक नव्हते. सीताबर्डीतील एका दुकानाने न विचारता नकाशा कागदात बसवून छापला होता, त्यामुळे १:५०,००० वर जो किलोमीटर २ सेंटिमीटरचा असावा तो १.९ चाच निघाला. छापील नकाशा हाती आल्याबरोबर त्यावर फूटपट्टी ठेवून पाहावी, दुकान कितीही जुने असले तरी. दुसऱ्या खेपेला मात्र छपाई अचूक होती, गाडीचा ट्रिप मीटर (अंतरमापक) महामार्गाच्या वळणावर शून्य केलेला होता, रपट्यापर्यंतची (पावसात पाण्याखाली जाणाऱ्या बुटक्या पुलापर्यंतची) प्रत्येक खूण जुळत होती, आणि तरीही आमची जागा दाखवणारा मोबाइलवरचा निळा ठिपका नकाशातल्या फाट्यावर येऊन थांबला तेव्हा आसपास ऐन आणि धावड्याच्या झाडांखेरीज काही नव्हते.

या गुंत्याने माझे तीन आठवडे घेतले. ज्या ५५ ओ/६ क्रमांकाच्या नकाशा-पत्रकाचे स्कॅन मी वापरत होतो ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेतले आहे. विभागाच्या नव्या, सर्वांसाठी खुल्या ‘ओपन सीरिज’ पत्रकावर ही पायवाट मला दिसली नाही, म्हणूनच जुन्याकडे वळलो होतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीत स्कॅन बसवताना चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मी छापल्याप्रमाणे भरले आणि संदर्भप्रणाली (अक्षांश-रेखांश कशाच्या आधारे मोजायचे ती पद्धत) म्हणून उपग्रहांची, म्हणजे जीपीएसची, डब्ल्यूजीएस ८४ निवडली. चूक नेमकी तिथेच झाली होती. जुनी पत्रके १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिरूपावर) काढलेली आहेत आणि मोजणीचा त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूर हा आहे. भारताच्या भूभागाला नीट बसेल असा तो गोलाभ निवडला होता, तर उपग्रहांची प्रणाली पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून मोजते. त्यामुळे एकाच दगडाचे दोन्हींकडील आकडे वेगवेगळे येतात.

किती वेगळे, हे कागदावर मांडून पाहिले. आपल्या भागात जुन्या पत्रकावरचा आकडा तसाच यंत्रात भरला, तर ठिपका खऱ्या जागेच्या सुमारे १५० मीटर पूर्वेला आणि ८० मीटर दक्षिणेला पडतो. कोनाच्या सेकंदांत (एक अंश म्हणजे ३,६०० सेकंद) सांगायचे तर रेखांशातून साधारण ५ सेकंद वजा करावे लागतात आणि अक्षांशात अडीच सेकंद मिळवावे लागतात. पडताळ्यासाठी शेजारच्या ५५ ओ/७ पत्रकावरील खिंडसी तलावाचा बंधारा उपग्रहचित्रावर ठेवून पाहिला, तेव्हा बंधाऱ्याची अख्खी रेघ त्याच दिशेला, तेवढ्याच अंतराने सरकलेली दिसली. रात्री साडेअकराला घरातील सर्वांना उठवून ती रेघ दाखवावी, इतका आनंद झाला. संदर्भप्रणाली बदलून ‘कल्याणपूर १९७५’ केली आणि बंधारा बंधाऱ्यावर बसला.

मग दुसऱ्या खेपेचे कोडेही उलगडले. गाडीवाट पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते आणि फाटा नाल्याच्या अलीकडे आहे. आम्ही फाटा मागे टाकून नाला ओलांडला होता, परंतु पडद्यावर नाला अजून पुढे दिसत असल्यामुळे ओलांडलेल्या नाल्याला नकाशात नसलेला एखादा ओहळ समजलो आणि पलीकडच्या काठावर दोन तास शोध घेत राहिलो.

रविवारी वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी आणि सोबत गावातील एक वाटाड्या, अशी तयारी होती. वाघांचा वावर असलेल्या या पट्ट्यात याशिवाय कोणी जाऊ नये, हे मी प्रत्येक नोंदीत लिहितो आणि पुन्हा लिहीत आहे. दुरुस्त केलेल्या बिंदूपासून तीस पावलांवर असताना वाटाड्या म्हणाला, “भाऊ, मुनारा तं तिकडं आहे, मोहाच्या झाडाखाली.” दगड गुडघ्याएवढा, उत्तरेच्या बाजूला शेवाळ धरलेला, चुना फक्त खाचांत उरलेला. त्याच्यापासून नाला चाळीस पावलांवर होता. नोंद घेण्यासाठी मी दहा मिनिटे यंत्र दगडावरच ठेवले आणि आलेल्या आकड्यांची सरासरी काढली. दिशेसाठी साधे होकायंत्रच वापरतो. नागपूरच्या परिसरात चुंबकीय विचलन (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक) एक अंशाहूनही कमी असल्यामुळे दुरुस्तीची कटकट राहत नाही आणि बॅटरी संपण्याची धास्तीही नसते.

पुढचा बेत फेब्रुवारीच्या अखेरीस पायवाट चालण्याचा होता. हे लिहीत असताना लक्षात आले की १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो आणि त्या काळात वनकर्मचाऱ्यांवर आमचा भार टाकणे योग्य नाही. तेव्हा एक तर पुढील दोन आठवड्यांत परवानगी मिळवायची, नाही तर पाऊस सरून रपटा उघडा पडेपर्यंत थांबायचे. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांनी मिळून बनवलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर गाडीवाट महामार्गापासून नाल्यापर्यंत, रस्त्याच्या प्रतवारीसह, मी या आठवड्यात चढवतो. पायवाट मात्र कार्यालयाशी बोलल्याशिवाय चढवणार नाही, कारण नकाशावर रेघ दिसली की परवानगीचा विचार न करता लोक निघतात.

मधला रविवार मोकळा राहिला तर हिंगणघाटला जाऊन येईन. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा (त्रिकोणांच्या जाळ्याने केलेल्या देशाच्या मोजणीचा) पाया घालणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना तिथेच वारले, आणि त्यांच्यानंतर ते काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेले. ज्या गोलाभाने मला तीन आठवडे चकवले, त्या परंपरेतल्या माणसाची कबर आपल्यापासून दोन तासांवर आहे. हिंगणघाट ज्या जुन्या पत्रकात येते ते कोणाकडे असल्यास कळवावे. तिथेही सरक तेवढीच भरते का, हे त्याच फेरीत मोजून घेता येईल.