हसता हसता आवंढा

आज रविवारची दुपार कोथरूडला भाच्याच्या खोलीवर, चहा आणि बाकरवडीच्या साथीने, ख्रिस मॉरिस यांचा ‘फोर लायन्स’ हा २०१० सालचा ब्रिटिश चित्रपट पाहण्यात गेली. शेफील्डमधले काही तरुण आत्मघाती हल्ल्याचा बेत आखतात, मात्र अक्कल सगळ्यांचीच तोळामासा. एक जण कावळ्याला स्फोटके बांधण्याची खटपट करतो आणि पुढे स्फोटके घेऊन पळताना मेंढीला अडखळून स्वतःच मरतो. बॅरी नावाचा गोरा धर्मांतरित तर मशिदीवरच बॉम्ब टाकावा, म्हणजे मवाळ मंडळी पेटून उठतील, असे शास्त्र मांडतो. आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीतही अधूनमधून याच दर्जाचे युक्तिवाद ऐकू येतात, हे कबूल केले पाहिजे.

मला खरा हादरा दिला तो एका साध्या प्रसंगाने. टोळीचा म्होरक्या ओमार लहानग्या मुलाला झोपवताना ‘द लायन किंग’मधल्या सिंबा या छाव्याची गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीतच आपला कट बेमालूम मिसळून टाकतो. बापाचा मायाळू स्वर आणि त्याआडची भीषण भाषा एकत्र ऐकताना हातातली बाकरवडी हातातच राहिली. शेवटी लंडन मॅरेथॉनमध्ये ही मंडळी रंगीबेरंगी सोंगांत धावतात, तेव्हा तर हसू येते याचीच लाज वाटते.

त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण गेले होते. “तेव्हा नेमके काय झाले होते, मामा?” असे भाच्याने विचारले. त्या वेळी तो चार वर्षांचा होता.