बेरीज जुळली, पेटी चुकली

दारूगोळ्याच्या डेपोत स्टोअरकीपर म्हणून माझी नोकरी झाली. डेपो कुठला ते सांगत नाही, पण त्या दिवसाचं सांगतो.

सकाळीच सिग्नल, म्हणजे लष्करी संदेश, आला. 81 मिमी मोर्टार बाँबच्या एका लॉटवर फायरिंगबंदी. त्या लॉटची पेटी न् पेटी ताबडतोब वेगळी काढा. एका लॉटचा माल एकाच वेळी, एकाच तऱ्हेने तयार होतो. त्यामुळे खोट निघाली की संशय सगळ्या लॉटवर. माल किती आहे हे त्या सिग्नलला नको होतं, कुठला आहे ते हवं होतं. त्यात 31 मे 2016 ला पुलगावच्या डेपोत स्फोट झाले, तेव्हा सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांवर बोट ठेवलं गेलं होतं. तेव्हापासून असा सिग्नल आला की हातातला चहा तसाच राहायचा.

गेटवर झडती, मोबाइल आणि काडेपेटी जमा, मग मातीच्या उंच बांधांमधली आमची शेड. बिन कार्डावर, म्हणजे स्टॅकच्या नोंदीच्या कार्डावर, 32 पेट्या, स्टॅकमध्ये 32 पेट्या. नवा क्लार्क खूश. ‘‘सर, टॅली झालं. सही करू?’’

आमचे जुने मजदूर, ज्यांना सगळे काका म्हणत, ते मात्र वाकून एकेका पेटीवरचा स्टेन्सिल, म्हणजे रंगाने छापलेली अक्षरं नि लॉट नंबर, वाचत होते. खालच्या थरातल्या एका पेटीशी थांबले. ‘‘साहेब, हा लॉट आपला नाही.’’

रंग तोच, आकार तोच, फक्त लॉट नंबरचा शेवट वेगळा. तो लॉट पूर्वी शेजारच्या स्टॅकमध्ये होता. कधीतरी स्टॅक नव्याने रचताना दोन पेट्यांची अदलाबदल झाली असणार. दोन्हीकडची संख्या बरोबर, म्हणून स्टॉक-टेकिंगचा बोर्ड, म्हणजे मालाची मोजणी करणारी समितीही मोजून सही करून गेला होता. खरं सांगतो, एखादी पेटी कमी भरली असती तर बरं झालं असतं. कमी भरली की बोंब होते, शोध लागतो. बरोबर भरलेल्या आकड्याला कोण उलटून विचारणार?

आता शेजारचा स्टॅक रिकामा होता. तो सगळा लॉट एका युनिटला इश्यू झालेला. म्हणजे बंदी आलेली आमची एक पेटी तिकडे, चांगल्या लॉटच्या नावाखाली. आणि बंदीचं पत्र बघून तिकडचा माणूस निर्धास्त असणार, कारण त्याच्या कागदावर तो लॉट नव्हताच! ऑफिसरसाहेबांनी लँडलाइनवरून त्यांचं मॅगझिन, म्हणजे दारूगोळ्याचं कोठार, गाठलं. प्रत्येक पेटीचा स्टेन्सिल वाचा, तोवर एकही बाँब रेंजवर नेऊ नका. दुपारी त्यांच्या हवालदारसाहेबांचा फोन आला, ‘‘मिल गई साहब, सील सही है.’’

आता यावर आरएफआयडी आला आहे, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारा टॅग. सप्टेंबर 2022 मध्ये खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून 5.56 मिमीच्या काडतुसांचे टॅग लावलेले तीन ट्रक पुलगावला रवाना झाले. टॅगमुळे पेटी स्वतःच लॉट सांगते, हे आमच्या त्या दिवसावरचं नेमकं औषध. अर्थात धातूच्या पेटीवर साधा टॅग नीट वाचला जात नाही, तिथे वेगळा लागतो. आणि विजेवर चालणाऱ्या डेटोनेटरजवळ (स्फोट सुरू करणारा भाग, लहरींनी तो उडू नये म्हणून) रेडिओलहरी सोडायच्या तर सुरक्षित अंतर आधी ठरवावं लागतं. पेटी फोडून काडतुसं जवानांच्या हाती गेली की टॅगचं काम संपतं; पुढे रेंजवर रिकाम्या केसेस, म्हणजे पुंगळ्या, वेचायच्या आणि मोजून परत करायच्या. ते काम अजून माणसाचंच.

तर त्या दिवशी सापडलेली आमची पेटी परत आणायची तर वेगळीच पंचाईत. कागदोपत्री ती शेडमधून बाहेर गेलीच नव्हती. मग आवक कशाची दाखवायची? क्लार्क आणि मी व्हाउचरवर डोकं खाजवत बसलो. शेवटी आमच्याकडे सापडलेली पेटी रीतसर त्या युनिटला पाठवली, त्यांची आमच्याकडे घेतली आणि दोन्ही लेजरांत लाल शाईने लॉट दुरुस्त केले. बेरीज अर्थातच दोन्हीकडे तीच राहिली.