तुम्ही विचारलंत म्हणून: मामांचा हिशेब

“शॉपमध्ये एवढी उलथापालथ झाली, तरी तुम्ही खचला नाही, उलट बाकीच्यांना धरून राहिलात. हे कसं जमतं?” बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या शॉपमधले सुपरवायझर मला हे विचारतात, आयटीआय करून नवीन लागलेली पोरं विचारतात. परवा तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ चहा पिताना एका जुन्या सोबत्यानंही विचारलं. घाईत दोन वाक्यं बोलून मी निघतो आणि मग चुटपुट लागते. म्हणून आज सविस्तर सांगतो.

आमचं मशीन शॉप. शाफ्ट, पंपाचे भाग, असली कामं. वर्षानुवर्षं हातानं चालवायच्या लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापायच्या मशीनवर चालायची. एका दिवाळीनंतर कळलं, लेथ निघणार, सीएनसी, म्हणजे आकडे भरून संगणकावर चालणारी मशीन येणार. त्या दुपारी डबे उघडले, पण कुणाला घास गेला नाही. मला धीर होता असं समजू नका. मीही मूळचा टर्नरच, लेथ चालवणारा. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी कामगारांसमोर जाऊन “काळजी करू नका, सगळं चांगलं होईल” म्हणायचं माझ्या जिवावर आलं. जे मला माहीत नाही ते मी कोणत्या तोंडानं सांगू? मी आधी मालकांकडे गेलो आणि तीन गोष्टी विचारल्या. कुणाला काढणार का? पगार तोच राहणार का? शिकायला किती महिने मिळतील? पहिल्या दोन्हींची उत्तरं सरळ मिळाली: कुणाला काढणार नाही, पगार तोच. तिसऱ्याला मालक म्हणाले, बघू. मी बाहेर येऊन तिन्ही उत्तरं जशीच्या तशी सांगितली, “बघू”सकट. लोकांचे चेहरे फुलले नाहीत, पण त्या दिवसापासून उलटसुलट बातम्या बंद झाल्या. काही कळलं नाही की लोक मलाच येऊन विचारू लागले. खोट्या धीरानं हा विश्वास एका आठवड्यात गेला असता.

आता मामांबद्दल सांगतो, कारण मला जे कळलं ते त्यांच्यामुळं.

मामा म्हणजे शॉपमधले सगळ्यात जुने टर्नर. टूलला धार कशी लावायची ते मला त्यांनीच शिकवलं. सीएनसीवर त्यांचा तिसरा दिवस होता. ४० मिलीमीटर व्यासाचा शाफ्ट. पहिला पीस काढून मायक्रोमीटर लावला, माप आलं ४०.०६. मामांनी ऑफसेटमध्ये, म्हणजे मापाची दुरुस्ती भरायच्या जागी, ०.०३ कमी केलं. पुढचा पीस ४०.०३. मग ०.०१५ कमी केलं. माप जवळ येत होतं, पण लागत नव्हतं. शेजारचा पोरगा फिस्सकन हसला. मामांनी मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला आणि मला म्हणाले, “आता माझ्याच्यानं होत नाही गा. लेथबरोबर मलाबी भंगारात घाल.”

मला भडभडून आलं. मी पॅनेलसमोर उभा राहून त्यांनी काय भरलं होतं ते बघितलं आणि लक्षात आलं. आमच्या लेथचा डायल त्रिज्येचा. टूल ०.०३ आत घेतलं की व्यास ०.०६ नं कमी होतो. म्हणून टर्नर जास्तीचं माप निम्मं करूनच डायल फिरवतो. मामांच्या बोटांत ते मुरलेलं. सीएनसीच्या एक्सला, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या अक्षाला, मात्र आकडा व्यासाचाच लागतो, ०.०६ कमी हवं तर ०.०६च भरायचं. मामांचं चुकलं नव्हतं, ते जुन्या मशीनचं गणित बरोबर करत होते. मी हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, त्या पोरालाही. मुद्दाम.

माणूस मशीनला भीत नाही हो. ज्या जागी त्याला मान होता, त्याच जागी पोराटोरांपुढं शिकाऊ होऊन उभं राहायला तो भितो. हे एकदा कळल्यावर मदत कुठं करायची ते आपोआप दिसतं.

मग एक वही केली. मशीनचे कोड मराठीत लिहिले: एम०३ स्पिंडल चालू, एम०८ कूलंट चालू, एम३० प्रोग्रॅम संपला, जी०० झपाट्यानं सरक, जी०१ फीडनं काप. गोकाककडचा एक सोबती आहे, त्यानं शेजारच्या रकान्यात कन्नडमध्ये लिहिलं. कुणी अडलं की तो म्हणायचा, “आगतद री”, होतंय हो. ते आम्हा मराठी माणसांच्याही तोंडी बसलं. वही तेलकट होऊन फाटली, तेव्हा दुसरी केली.

जो पोरगा हसला होता त्याला मी मामांच्याच मशीनवर दिला. त्यानं मामांना स्क्रीन शिकवायची आणि मामांनी त्याला आवाज शिकवायचा. एकदा मशीन चालू असताना मामा नुसतं ऐकून म्हणाले, “इन्सर्ट गेला बघ.” मशीन थांबवून बघितलं तर इन्सर्टचं, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्याचं, टोक तुटलेलं. स्क्रीनवर काहीही आलं नव्हतं. त्यानंतर तो पोरगा पीस बिघडला की आधी मामांकडे बघतो.

सगळे टिकले असं नाही. ओव्हरटाइम कमी झाला, त्यात एका सोबत्याच्या घराचे हप्ते थकले आणि तो सोडून गेला. मी त्याच्या घरी दोनदा गेलो, पण त्याला थांबवू शकलो नाही. ओव्हरटाइमचं मालकांना मी तेव्हा विचारायला हवं होतं, तो चौथा प्रश्न मला सुचला नाही. ते मनातून जात नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशीनची पूजा होते. एक लेथ दुरुस्तीच्या कामासाठी ठेवली आहे, तिला मामा स्वतः हार घालतात आणि मग सीएनसीला. यंदा त्यानंतरच्या आठवड्यात लेथवर काम केलेल्यांची दुसरी तुकडी सीएनसी शिकायला आली. त्यातला एक टर्नर माप लागत नाही म्हणून घामाघूम झाला होता. मी उठायच्या आत मामा सुताच्या वेस्टला हात पुसत त्याच्याजवळ गेले.

“निम्मं करायलास काय रे?” ते म्हणाले. “मीबी तेच करत होतो. बस, सांगतो.”