नाव कळलं ते फूल आल्यावरच (माझा अनुभव)

मी कॅक्टस जमवायला लागले ते काटे बघून, आणि वर्षभरात अठरा कुंड्या झाल्या पण नाव एकाचंही माहीत नाही. मग एकेक घेऊन बसले. एका उभ्या झाडाचं टोक मोडलं तर पांढरा चीक आला, म्हटलं हा युफोर्बिया दिसतोय, म्हणजे कॅक्टससारखा दिसणारा पण कॅक्टस नसलेला. पण नुसत्या चिकावर जाऊ नका, मॅमिलारिया नावाच्या गटातल्या काही कॅक्टसनाही चीक असतो. खरी खूण म्हणजे एरिओल, काटे जिथून फुटतात ती कापसासारखी बारीक गादी, ती फक्त कॅक्टसला असते. भिंगातून पाहिलं, त्या झाडाला गादीच नव्हती. (हा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट.)

मॅमिलारिया पटकन कळले, डोक्याभोवती छोट्या फुलांचं कडं येतं ना. अडले ते एका गोल, कंगोरेवाल्या झाडापाशी. फोटो टाकून शोधलं की दरवेळी वेगळंच नाव. शेवटी ठरवलं, फूल येईपर्यंत थांबायचं. हिवाळाभर पाणी जवळपास बंद, झाड थंड पण भरपूर उजेडाच्या खिडकीत, कारण हा आराम मिळाला नाही तर बऱ्याच कॅक्टसना कळ्याच धरत नाहीत. झाड सुकून आत गेलं तेव्हा पाणी घालायचा फार मोह झाला, पण नाही घातलं.

ऊन वाढल्यावर हळूहळू पाणी सुरू केलं आणि एक दिवस बाजूच्या एरिओलमधून करड्या लोकरीचा गोंडा बाहेर आलेला दिसला, आधी बुरशी वाटून धस्स झालं. ती कळी होती! रोज लांबत लांबत वीतभर नळी झाली, सगळी केसाळ, आणि एका संध्याकाळी अंधार पडता पडता पांढरं फूल उमललं, मंद वास, मी रात्री तीनदा उठून बघितलं, दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकली त्याने.

लांब केसाळ नळी, रात्री उमलणं, म्हणजे एकिनॉप्सिस गटातला कॅक्टस. जिम्नोकॅलिशियम हाही गोल कॅक्टस, पण त्याची कळी गुळगुळीत असते, केस नाहीत, काटे नाहीत, नुसते खवले, त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच उघडी, म्हणजे उघडीबोडकी कळी. म्हणून माझं सांगणं, फोटो काढताना फुलाइतकाच कळीचा आणि नळीचा बाजूने काढा, तिथेच खरी ओळख असते. एकिनॉप्सिसमधली नेमकी जात कोणती ते मी कुंडीतल्या नावाच्या पट्टीवर लिहिलं नाही, त्यात संकर इतके आहेत की अंदाजाने लिहिण्यापेक्षा जागा कोरी बरी.

पट्टीवर पेन्सिलने नाव आणि फुलाची तारीख लिहिली, पेनचं उन्हात उडून जातं. अजून पाच कुंड्या बिननावाच्या आहेत, त्यातल्या एकीच्या डोक्यावर कालपासून लोकर दाट झाल्यासारखी दिसतेय.