न्यू जर्सीची पेशंट, बॉस्टनची गिऱ्हाईक

नातवाचं बारसं ऑक्टोबरात ठरलं. फोन ठेवला आणि आनंदापाठोपाठ पहिला विचार आला तो औषधाचा. चार रात्री लेकीकडे बॉस्टनजवळच्या समरव्हिलला काढायच्या, त्या कशा काढायच्या?

मी न्यू जर्सीतल्या एडिसनची. २०२१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेलची केमो घेतली. कॅन्सर गेला, पण तळपायांच्या नसा दुखावल्या त्या दुखावल्याच. दिवसा मुंग्या येतात आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पाय विस्तवावर ठेवल्यासारखे जळतात. ड्युलोक्सेटिनने थोडा आराम पडला. उरलेल्या आगीसाठी गेली दोन वर्षं माझ्याकडे न्यू जर्सीचं मेडिकल कॅनाबिसचं, म्हणजे औषधी गांजाचं, कार्ड आहे. रात्री साडेनऊला टिंक्चर जिभेखाली: टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) अडीच मिलिग्रॅम, सीबीडी (नशा न आणणारा) अडीच मिलिग्रॅम. माझ्या ऑन्कोलॉजिस्टने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या दुखण्यावर याचा पुरावा अजून कच्चा आहे, एखाद्याला लागू पडतं, एखाद्याला नाही. मला पडलं. सलग पाच तास झोप लागते, आणि ज्याने वर्षभर झोप पाहिलेली नाही त्याला पाच तासांची किंमत सांगावी लागत नाही.

हे मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या ओळखीतल्या तीन बायकांनी मला कार्यक्रमात बाजूला घेऊन हळूच विचारलं आहे. भांग म्हटलं की होळी आठवते आणि कुणी काही बोलत नाही, पण गांजा म्हटलं की माणसं दाराकडे बघतात. दुखणं मात्र दोघांपैकी कुठलाच शब्द ऐकत नाही.

घराजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून अ‍ॅमट्रॅकच्या रेल्वेने बॉस्टनचं साउथ स्टेशन साधारण पाच तासांचा प्रवास. गाडी न्यू जर्सीतून निघून न्यू यॉर्क, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड अशी मॅसॅच्युसेट्सला पोचते. या पाचही राज्यांत एकवीस वर्षांवरच्या माणसाला गांजा दुकानातून कायदेशीर विकत मिळतो. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरपासून, बाकीच्या चार राज्यांत २०२२ च्या एप्रिल ते २०२३ च्या जानेवारी एवढ्या काळात एकामागून एक विक्री सुरू झाली. तरीही माझी वीतभर बाटली राज्याची हद्द ओलांडू शकत नाही, कारण तो केंद्रीय गुन्हा ठरतो. अ‍ॅमट्रॅकचा नियम तर स्पष्टच आहे: कुठल्याही स्वरूपात, कुठल्याही कारणासाठी नाही, मेडिकल असलं तरी नाही. विमानाचंही तेच आणि स्वतःच्या गाडीने गेलात तरी तेच. ‘कोण बघतंय’ म्हणणारे खूप भेटतील. मी बाटली घरी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

दुसरा भ्रम कार्डाचा. मला वाटलं होतं, पेशंट म्हणजे सगळीकडे पेशंट. तसं नाही. मेन, नेवाडा अशी काही राज्यं बाहेरच्या राज्याचं कार्ड मानतात, मॅसॅच्युसेट्स मानत नाही. दुकानात मेडिकलचं आणि इतरांचं असे दोन काउंटर शेजारी शेजारी होते. मी कार्ड पुढे केलं तशी मुलगी नम्रपणे म्हणाली, “सॉरी मॅम, तुम्ही त्या बाजूला.” त्या चार पावलांत मी पेशंटची गिऱ्हाईक झाले. निघण्याआधी जिथे जाणार त्या राज्याच्या सरकारी साइटवर हे बघून घ्या. काही ठिकाणी कार्ड चालतं, पण आधी अर्ज करावा लागतो.

त्या चार पावलांचा पहिला फरक पावतीत दिसतो. न्यू जर्सीत पेशंटला २०२२ च्या जुलैपासून औषधावर विक्रीकर नाही. इथे माझ्या चोवीस डॉलरच्या डबीवर राज्याचा खास कर १०.७५ टक्के म्हणजे २.५८, नेहमीचा विक्रीकर ६.२५ टक्के म्हणजे १.५०, आणि गावाचे ३ टक्के म्हणजे ७२ सेंट. एकूण २८ डॉलर ८० सेंट. रोख न्या. केंद्रीय कायद्यामुळे क्रेडिट कार्ड चालत नाही. दुकानातल्या एटीएमला वर फी पडते, आणि डेबिट कार्ड घेणारी दुकानंही पुष्कळदा रक्कम पुढच्या पाच-दहा डॉलरवर नेऊन वजा करतात. फोटोचं ओळखपत्र दारात एकदा आणि काउंटरवर पुन्हा एकदा बघतात, तेव्हा ते पर्सच्या तळाशी नको.

दुसरा फरक मोठा. एडिसनजवळच्या माझ्या दुकानात पेशंटांची रांग वेगळी आहे, माझी जुनी खरेदी त्यांच्यापुढे असते आणि तिथल्या बाईंना माझा डोस पाठ आहे. इथे संगीत चालू, भिंतीवर रंगीत पडदे, शनिवारची गर्दी. काउंटरमागचा मुलगा मनाने चांगला होता. मी नसांचं दुखणं सांगायला लागले तर म्हणाला, “मेडिकल सल्ला द्यायची आम्हाला परवानगी नाही. तुम्हाला काय फील हवंय?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला काही वाटायला नको होतं, जळायचं थांबायला हवं होतं. मी म्हटलं, झोप. त्याने झोपेच्या गमीची, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांची, डबी काढून दिली. मागे वीस जणांची रांग. डबीवर टीएचसी ५ मिलिग्रॅम दिसलं, शेजारी ‘सीबी’ आणि पुढे काहीतरी, ते मी सीबीडी असं वाचलं आणि पैसे दिले.

ते सीबीएन होतं. सीबीडी वेगळं, सीबीएन वेगळं. टीएचसी जुनं होत जातं तसं त्यातून सीबीएन तयार होतं, आणि झोपेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात ते घालतात. माझ्या रोजच्या औषधात टीएचसीच्या बरोबरीने जे सीबीडी असतं ते या डबीत अजिबात नव्हतं. आणखी एक गोष्ट अगदी बारीक अक्षरात होती: ‘फास्ट अ‍ॅक्टिंग’. साधी गमी पोटातून चढते, तिला अर्धा तास ते दोन तास लागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये तर पाकिटावर सूचनाच छापलेली असते की परिणाम दोन तास किंवा अधिक उशिरा जाणवू शकतो. पण या नव्या प्रकारात तेलाचे कण इतके बारीक केलेले असतात की पंधरा-वीस मिनिटांतच चढते.

तर त्या रात्री साडेनऊला मी अख्खी गमी खाल्ली, तासाभराने झोपेन या हिशोबाने, आणि बाळासाठी पाणी गरम करायला स्वयंपाकघरात उभी राहिले. भांड्याच्या कडेला बुडबुडे यायला लागले तेवढ्यात पायाखालची लाकडी जमीन हलकी झाली. छाती धडधडायला लागली. गॅस बंद केला एवढं भान राहिलं. मग ओट्याला पाठ लावून खालीच बसले. लेक धावत आली. माझा हात हातात धरून ती तासभर तशीच जमिनीवर बसली होती, आत तिचं वीस दिवसांचं बाळ रडत होतं आणि जावई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. दोन तासांत उतरलं. मला वाईट वाटलं ते त्या एका तासाचं, तो बाळाचा होता.

असं झालंच तर एका जागी बसा, पाणी प्या, सोबत कुणीतरी असू द्या आणि काही झालं तरी गाडी चालवू नका. छातीत दुखलं, शुद्ध हरपायला लागली किंवा लहान मुलाच्या पोटात गेलं, तर वाट न बघता ९११ ला फोन करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, दुसऱ्या दुकानात गेले. उघडलेली डबी परत घेत नाहीत, तेव्हा ते पैसे गेले. या वेळी कागदावर लिहून नेलं: टीएचसी २.५, सीबीडी २.५, फास्ट नको, वाफ घ्यायचं किंवा ओढायचं काही नको, बरोबर ड्युलोक्सेटिन चालू. हा कागद हीच या सगळ्या वृत्तांतातली कामाची गोष्ट. मेडिकलच्या दुकानात तुमचा डोस दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात असतो, या दुकानांत तो फक्त तुमच्याजवळ असतो. काउंटरवरच्या बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि डबी उलटी करून आकड्यांवर बोट ठेवत माझ्याबरोबर वाचली: एका गमीत टीएचसी ५, सीबीडी ५. मॅसॅच्युसेट्समध्ये सर्वसाधारण विक्रीत एका गमीत पाचच आणि डबीत मिळून शंभरच मिलिग्रॅम टीएचसी घालता येतं. न्यू जर्सीत एका तुकड्यात दहापर्यंत चालतं. म्हणजे ‘मी घरी अर्धी घेते’ हा हिशोब हद्द ओलांडली की चुकतो. तुकडे मोजू नका, मिलिग्रॅम मोजा. अर्धी करताना सुरीने नीट मधोमध कापा आणि पहिल्या रात्री अर्धीच्यावर जाऊ नका, घरी कितीही सवय असली तरी.

वॉर्फरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सीबीडीने त्याचा परिणाम वाढू शकतो.

त्या रात्री अर्धी गमी, दीड तासाने झोप. पाय जळत होते, पण लांबून जळत होते. बारशाला मी मांडी घालून पाळण्याशी बसले आणि कानात नाव सांगायला आत्याबाईंना जागा करून दिली.

आता अत्यंत महत्त्वाचं, विशेषतः आपल्या लोकांसाठी. मी अमेरिकेची नागरिक आहे म्हणून हे करू शकले. माझा जावई एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहे. तो दोन्ही वेळा दुकानात आला नाही, मीच येऊ दिला नाही. इमिग्रेशनचे निर्णय केंद्रीय कायद्याने होतात, राज्याच्या नाही. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्टच केलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंध हा नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या वर्तणुकी’च्या आड येऊ शकतो. ग्रीनकार्ड असो, विद्यार्थी व्हिसा असो, की पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा असोत: विकत घेऊ नका, अशा दुकानात नोकरी धरू नका, फोनमध्ये फोटो ठेवू नका. दुखणं खरं असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. आणि भारतात जाताना सामानात यातलं काहीही, अगदी एक गमीसुद्धा, नको. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे आणि मुंबई विमानतळावर न्यू जर्सीचं कार्ड कुणी बघणार नाही.

डबी मी लेकीच्या घरात कुठेच ठेवली नाही. मोठी नात चार वर्षांची आहे, आणि ही गमी दिसायला तिच्या व्हिटॅमिनच्या गमीसारखीच, साखर भुरभुरलेली, लाल. दुकानाची पिशवी लहान मुलांना उघडता न येणारी असते, तरी ती पिशवी बॅगेत, बॅगेला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात.

निघायच्या सकाळी दोन्ही डब्या मिळून सदतीस गमी शिल्लक होत्या. जावयाच्या घरात ठेवणं शक्य नव्हतं, गाडीत नेणं शक्य नव्हतं. पुन्हा जाईन तेव्हा आधी छोटं पाकीट आहे का विचारीन. लेकीने सकाळच्या चहाचा चोथा एका डब्यात काढला, मी गमी एकेक करून त्यात दाबल्या, वरून भांडी घासायचा साबण ओतला, झाकण चिकटपट्टीने बंद केलं आणि कचऱ्यात टाकलं. मग हात धुऊन बाळाला घेतलं, गाडीला अजून तास होता.