'मायिम मायिम'मधले चार ठोके

इस्राएलमधल्या दिमोनातल्या ज्येष्ठांच्या मंडळात सुक्कोत या ज्यू सणाच्या कार्यक्रमाची शेवटची तालीम होती. मंडळात बेने इस्राएल ज्यू बायका बऱ्याच, मूळच्या कोकणातल्या, आपसात मराठीच बोलणाऱ्या. 'मायिम मायिम' ('पाणी, पाणी') हा वर्तुळात करायचा इस्राएली नाच त्यांचा रेकॉर्डवर छान बसला होता. त्या दिवशी पहिल्यांदा अकॉर्डियन वाजवणारा आला आणि पहिल्याच फेरीत वर्तुळ विस्कटलं. सुरुवात नीट झाली, मध्याकडे धावून मागे येणंही जमलं, पण टाळ्यांपर्यंत पोचेतो निम्मं वर्तुळ डावीकडे धावतच होतं.

मी रेकॉर्ड लावून ठोके मोजले. मूळ चालीत एक फेरी 52 ठोक्यांची असते: पहिल्या कडव्याला 16, 'मायिम, मायिम'ला 16, 'हेय, हेय, हेय, हेय'ला फक्त 4, आणि शेवटच्या भागाला पुन्हा 16. आमच्या सरावाच्या रेकॉर्डमध्ये कुणीतरी संगणकावर हे 4 ठोके दुप्पट करून ठेवले होते, म्हणजे फेरी 56ची. अकॉर्डियनवाला मूळ 4च वाजवत होता. आठाच्या पटीत मोजणाऱ्याला ते चार अपुरे वाटतात, म्हणून ही 'दुरुस्ती' होते. पण या नाचाची सगळी मजा त्या अर्ध्या ओळीतच आहे. धावणं संपलं असं वाटायच्या आत उडी येते.

"पण आठच शिकवलेत ना आम्हाला," एक मावशी म्हणाल्या.

"हो मावशी, आता चारच. चौथ्या पावलाला तोंड मध्याकडे."

मग पावलं पुन्हा बसवली. पहिल्या भागात उजवा पाय डाव्याच्या पुढून, डावा बाजूला, उजवा मागून, डावा बाजूला, असं चार वेळा. वर्तुळ घड्याळाच्या दिशेने सरकतं. मग चार पावलं आत, हात हळूहळू वर नेत. चार मागे, हात खाली. आणि हेच पुन्हा एकदा. हात पहिल्याच पावलाला झटक्यात वर गेले तर शेजारणीचा खांदा ओढला जातो, त्यामुळे ते चौथ्या ठोक्याला वर पोचले पाहिजेत. त्यानंतर डावीकडे चार धावती पावलं. शेवटी आठ ठोके उजव्या पायावर, डाव्याचा चवडा एकदा पुढे, एकदा बाजूला टेकवत. मग आठ ठोके डाव्यावर, उजवा चवडा पुढे टेकेल तेव्हा टाळी. आमच्याकडे उडीऐवजी गुडघा किंचित वाकवायचा, एवढाच बदल.

पायांचा हा क्रम चुकवून चालत नाही. डाव्या पायावर शेवट झाला की उजवा मोकळा राहतो, आणि पुढच्या फेरीचं पहिलं पाऊल उजव्याचंच असतं. त्या गोंधळात काहीजणी चाल गाठायच्या घाईत पाय न बदलता उजव्यावरच थांबल्या होत्या. भार उजव्यावर असला की तो पुढून टाकता येत नाही, मग तिथे अडखळायला होतं आणि शेजारणीही अडखळतात.

मध्येच कुणीतरी म्हणालं, हा जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराच्या काळातला नाच आहे, जसा चालत आला तसा करायचा. शब्द खरोखरच तितके जुने आहेत, बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातले, 12:3, 'तुम्ही आनंदाने तारणाच्या झऱ्यांतून पाणी काढाल'. सुक्कोतच्या पाणी काढायच्या उत्सवाशी हे वचन जोडलेलं आहे, म्हणून तसं वाटतं. नाच मात्र 1937चा आहे. रेहोवोतजवळच्या नाआन किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतवसाहतीत, सात वर्षांच्या शोधानंतर पाणी लागलं, त्या उत्सवासाठी तो रचला गेला. चाल इमॅन्युएल अमिरान यांची, पावलं जर्मनीतून आलेल्या एल्झे दुब्लोन यांची. पुढे 1944च्या दालिया लोकनृत्य महोत्सवापासून असे नाच किबुत्झांबाहेर पसरत गेले. मला हे त्या बायकांना आवर्जून सांगावंसं वाटलं, कारण पावलं आणि चाल दोन्ही मुद्दाम घडवलेली आहेत. आत धावताना ओठावर 'मायिम' येतं, हात वर जातात, पाणी उसळावं तसं. ठोके वाढवले की शब्द आणि पाऊल यांची ही गाठ सुटते.

अकॉर्डियनवाल्याला लय थोडी उतरवायला सांगितली. खूप संथ केली तर पुढून-मागून टाकायच्या पावलांत तोल जातो, त्यामुळे बेतानेच. 'हेय' मोठ्याने ओरडायचं, ठोके मनात मोजायचेच नाहीत, असं ठरलं. ओरडल्यावर चार आपोआप चारच राहिले. त्याचं वाजवणं तिथेच फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि मंडळाच्या सरावासाठी तेच ठेवलं. जुनी फाइल पुसून टाकली.